पाहुण्यांचं पाणी

आत्याच्या घरात पिण्याच्या पाण्याची दोन भांडी होती आणि ते मला माहीत होतं. सांगायचं आहे ते खरं तर एवढंच. पण एवढ्यावरून कोणाला काही कळणार नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

मी तेव्हा अमरावतीला मुलींच्या शाळेत, मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते. आता कॉलेजात आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही, आणि बायकांपैकी तर कोणी शाळेची पायरीही चढलेली नाही. आमचं गाव अकोल्याकडे, पूर्णेच्या काठच्या भागात. त्या भागाला खारपाण म्हणतात. जमीन काळी, कापूस चांगला येतो, पण विहीर खोदली की खारं पाणी लागतं. त्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी दाणा बोटाखाली कडकच लागतो. एखाद्या गावात नशिबाने एखादी गोड्या पाण्याची विहीर असते. तीही उन्हाळ्यात आटत जाते. मग गाव नाल्यावर जातं. नाल्याच्या कोरड्या रेतीत हातभर खड्डा करायचा, पाणी पाझरून वर येईपर्यंत बसायचं आणि वाटीने घागर भरायची. त्याला झिरा म्हणतात. मी चालायला लागले तेव्हापासून झिऱ्याचंच पाणी प्यायले.

शाळेत पहिल्याच वर्षी बाईंनी वर्गात विचारलं होतं, तुमच्या गावी पाणी कुठून आणतात? मी उभी राहून सगळं नीट सांगितलं. मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे म्हशी बसतात तिथलंच का गं?" वर्ग हसला. बाई रागावल्या, पण त्यांच्याही ओठांचा कोपरा हललेला मी पाहिला. त्यानंतर शाळेत मी झिरा हा शब्द उच्चारला नाही. गावाविषयी कोणी विचारलं तर कापसाविषयी बोलायची.

शाळेत मुलींचं सेवा मंडळ होतं. ते मुलीच चालवायच्या. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, फक्त परवानगीच्या कागदावर सही करायच्या. दर शनिवारी आम्ही घरोघर मूठ-मूठ धान्य मागून ते अनाथाश्रमात पोचवत असू. आवारात कडुनिंबाची रोपं लावली होती. त्यांना पाणी घालायच्या पाळ्या होत्या. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत पाण्याचे माठ मांडून बसलो होतो. आणि उन्हाळा लागला की विहिरींचं काम. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, दिवस येण्याआधी आसपासच्या विहिरींमधला कचरा काढायचा, काठ झाडायचा आणि पाण्यात जंतू मारणारी लाल दवा टाकायची. मंडळाची प्रमुख मॅट्रिकच्या वर्गातली होती, वकिलाची मुलगी. आम्ही तिला ताई म्हणत असू. ती एका वहीत प्रत्येक विहिरीचा नकाशा काढायची. काठाशी झाड आहे का, धुणं कुठे धुतात, पाणी किती हात खोल, सगळं. मला ती आवडायची आणि तिची भीतीही वाटायची.

त्या वर्षी ताईच्या मनात आलं की शहराबाहेरच्या एखाद्या गावी जावं. कोणाचं नातं असलेलं गाव हवं होतं, म्हणजे गावकरी मुलींना परकं समजणार नाहीत. माझी आत्या अमरावतीहून दहा मैलांवर, खारपाणातच दिली होती. ताईने विचारलं आणि मी हो म्हणून बसले. मोठ्या बाईंनी सही केली, पण एक अट घातली. गावाकडून एक जरी तक्रार आली तरी मंडळाचं शाळेबाहेरचं काम बंद. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुझी नादारी तुझ्या वर्तणुकीवर आहे, हे लक्षात आहे ना?" मला फी माफ होती. वसतिगृहातलं जेवणही माफ होतं. ते लक्षात नसतं असा एक दिवस जात नव्हता.

चैत्रातल्या एका रविवारी पहाटेच आम्ही दोन बैलबंड्यांमधून निघालो. आठ मुली आणि सोबतीला शिवणाच्या बाई, त्या वाटेतच पेंगायला लागल्या. गावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आत्या वेशीपाशीच उभी होती.

"या वं माय, या. कशा लाल झाल्या पोरी! चला, आंधी पाणी प्या."

तिच्या ओसरीत कोपऱ्यात एक काळा माठ होता, त्यावर पितळेची झाकणी, झाकणीवर घासून लखलखीत केलेला गडवा. तिने सगळ्यांना त्यातलं पाणी दिलं. थंड, गोड पाणी. मुली म्हणाल्या, किती छान पाणी आहे! आत्याचा चेहरा फुलला. मी आत स्वयंपाकघरात गेले, तर चुलीमागे दुसरा माठ होता, तोंडाला फडकं बांधलेला. माझ्यामागून आत्या आली आणि घाईने त्यातलं पाणी काढून प्यायली. तळाशी रेती होती, गडव्यात दिसली. मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या घरीही असंच. गोड्या विहिरीवरून उन्हाळ्यात प्रत्येक घराला दिवसाला दोन घागरी मिळायच्या, तेवढ्यात डाळ शिजवायची, बाळंतीण असली तर तिचं व्हायचं आणि उरलेलं पाहुण्यांसाठी झाकून ठेवायचं. घरचे झिऱ्याचं प्यायचे. पाहुण्याला झिऱ्याचं पाणी देणं म्हणजे त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवण्यासारखं.

जेवण झाल्यावर आम्ही विहिरीवर गेलो. गावातल्या बायका जमल्या. ताईने वही उघडली आणि विचारलं, "पिण्याचं पाणी कोणत्या विहिरीचं?"

"हेच की," आत्या म्हणाली. "समदं गाव याच इहिरीचं पेते."

"उन्हाळ्यातसुद्धा?"

"उन्हाळा असो का हिवाळा."

दुसऱ्या बायकांनीही माना हलवल्या. ताई माझ्याकडे वळली. "बरोबर ना? तुला माहीत असेल."

आत्या माझ्याकडे पाहत होती. ती माझ्याकडे विनवणीने पाहत होती असं म्हणणं खोटं होईल. ती निर्धास्त होती. मी तिच्या भावाची मुलगी, मी तिला खाली पाहायला लावीन असं तिच्या मनातही नव्हतं. आणि ताईच्या मागे ती मागच्या बाकावरची मुलगी उभी होती, पदराने वारा घेत.

मी म्हटलं, "हो."

ताईने वहीत लिहून घेतलं. आरोग्य खात्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तिने बादलीत लाल दवा विरघळवली, मग बादली विहिरीत सोडून पाणी घुसळलं. खालचं पाणी जांभळं झालं, मग गुलाबी. आत्याची शेजारीण, एक ठेंगणी, मोठ्याने बोलणारी बाई, काठावर वाकून म्हणाली, "मा माय! होळी तं कधीच झाली, अन् पोरी आता रंग खेळून राहिल्या. हे पेल्यावर पोट लाल होईन का वं?"

"नाही हो मावशी, उद्या सकाळी रंग जाईल," ताई म्हणाली.

"जाऊ दे नाई तं राहू दे. माह्या नवऱ्याचं पोट लाल झालं तं कळन तरी कोठं कोठं पिऊन येते!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हा मला भीती वाटली नव्हती, हे मला आता लिहितानाही विचित्र वाटतं. फक्त परत येताना, नाल्याच्या उतारावर बंडी हळू झाली तेव्हा खाली रेतीत झिरा दिसला. दोन बायका वाट्यांनी पाणी भरत होत्या. वरच्या अंगाला गुरं उभी होती. मी ताईच्या वहीकडे पाहिलं. त्यात विहिरीचा नकाशा होता, काठावरचं बाभळीचं झाडसुद्धा होतं. मनाशी म्हटलं, इतकी वर्षं पितात, काय होतं?

नऊ दिवसांनी, मंगळवारी, बाजारासाठी आलेला आत्याच्या गावचा एक माणूस वसतिगृहाच्या स्वयंपाकाच्या बाईंकडे निरोप देऊन गेला. गावात पटकी लागली होती. आत्या बरी होती, निदान तो निघाला तेव्हा बरी होती. आणि गाव म्हणत होतं की शाळेच्या पोरींनी विहिरीत काहीतरी टाकलं, म्हणून पटकीची देवी मरीमाय आली. त्या विहिरीवर आता कोणी जात नव्हतं.

स्वयंपाकाच्या बाई पोळ्या लाटता लाटता हे सांगत होत्या. मी पाटावर बसले होते. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

आधी मला कळलंच नाही की मला नेमकं कशाचं भय वाटतंय. मग हळूहळू कळत गेलं, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट. गावात स्वच्छ पाणी एकच होतं, आम्ही दवा टाकलेलं. ते त्यांनी सोडलं होतं. म्हणजे पाहुणे, आजारी माणसं, बाळंतिणी, आता सगळेच झिऱ्यावर. आणि ते लोक झिऱ्याचं पितात हे गावाबाहेर माहीत असलेली मी एकटी.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे तक्रार पोचली. त्यांनी मंडळातल्या सगळ्या मुलींना बोलावलं. ताईचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती ताठ उभी होती. "दवेने पटकी होत नाही, बाई. दवा टाकलेल्या पाण्याने तर होऊच शकत नाही. आम्ही गावाचं सगळं पिण्याचं पाणी पाहिलं." ती मागे वळून आमच्याकडे पाहत म्हणाली, "विचारा यांना."

बाईंनी विचारलं नाही. पुढचा निर्णय होईपर्यंत मंडळाचं काम बंद, एवढंच म्हणाल्या. बाहेर आल्यावर मागच्या बाकावरची मुलगी रडायला लागली. "लोक आपल्याला खुनी म्हणतील." कोणीतरी तिला म्हणालं, गप्प बस. मी तिथेच उभी होते आणि गप्पच होते. बोलले तर आत्या खोटारडी ठरणार होती, मी तिच्याहून मोठी खोटारडी. नादारी जाणार. बाबा न्यायला येणार, आणि वाटेत एक शब्द बोलणार नाहीत. हे सगळं मला चित्रासारखं दिसत होतं. आणि दुसरं एक चित्र, ते मी पाहायचं टाळत होते. आत्या झिऱ्यावर वाकलेली, वाटी, घागर.

गुरुवारी सकाळी रोपांना पाणी घालायची पाळी ताईची आणि माझी होती. मंडळ बंद असलं तरी रोपं वाळू देऊन चालणार नव्हतं. ती बादली घेऊन पुढे, मी मागे. तिसऱ्या रोपापाशी मी म्हटलं, "ताई, ते लोक त्या विहिरीचं पाणी पीत नाहीत."

"आता नाही पीत. माहीत आहे मला."

"आधीपण नव्हते पीत. ते फक्त पाहुण्यांना देतात."

तिने बादली खाली ठेवली. "काय?"

मी झिऱ्याविषयी सांगितलं. तो शब्द तोंडातून निघेना, मग निघाला. सांगताना मी शुद्ध बोलायचं विसरले, गावी बोलते तशीच बोलत गेले. ती हसली नाही.

"तुला त्या दिवशी माहीत होतं?"

"हो."

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"सगळ्यांच्या समोर विचारलं होतं!" तिचा आवाज फुटला. तिने हात उचलला, मला वाटलं ती मारणार. तिने माझं मनगट धरलं, दुखेपर्यंत घट्ट. "चल. आत्ता. बाईंकडे."

मोठ्या बाईंनी फार प्रश्न विचारले नाहीत. नाला गावापासून किती दूर, गुरं कुठून उतरतात, दुसरा झिरा आहे का, एवढंच. नादारीचं नाव काढलं नाही. मी त्याचीच वाट पाहत उभी होते. शेवटी मीच म्हणाले, "बाई, माझी नादारी..." त्यांनी कागदावरून मान वर न करता म्हटलं, "ते नंतर. तुझी आत्या आधी."

गावी जायचं म्हणून दुपारी ओळखीच्या डॉक्टरांनी बाईंना, ताईला आणि मला पटकीची सुई टोचली. इतर मुलींना न्यायला बाईंनी साफ नकार दिला. मला नेणं भागच होतं, आणि ताई ऐकेना. माझा दंड सुजला, अंगात ताप चढला. शुक्रवारी सकाळी आम्ही डॉक्टरांच्या मोटारीतून निघालो.

विहिरीवर कोणीच नव्हतं. रहाटावरचा दोर वाळून ताठ झाला होता. काठावर कोणीतरी लिंबू आणि कुंकू ठेवलं होतं. आत्याच्या घराच्या दाराला बाहेरून कडी होती. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. शेजारच्या घराच्या भिंतीवर घागर पालथी घातलेली होती, फुटलेला माठ अंगणात तसाच पडला होता, आणि ते घर त्या मोठ्याने बोलणाऱ्या बाईचं होतं.

एक म्हातारा पिंपळाखालून म्हणाला, "तुही आत्या नाल्यात हाय, पोरी."

मी धावत गेले. ताई मागे येत होती. आत्या झिऱ्यापाशी बसलेली होती, इतर पाच-सहा बायकांबरोबर, पाठमोरी. वाटी पाण्यात बुडवत होती, घागरीत ओतत होती. तिची पाठ हलताना दिसली तेव्हा मी रेतीत बसले.

"काहून आली वं तू? गावात मरीमाय हाय, जाय वापस!"

"आत्या, हे पाणी पिऊ नको."

सगळ्या बायका थांबल्या.

"हे काहून नाई? तुमी तं त्या इहिरीत टाकलं. हे तं साफ हाय."

"साफ नाई. वरून गुरं उतरतात. याच्यातूनच पटकी येऊन राहिली. इहिरीचं पाणी चांगलं हाय, दवेनं चांगलं झालं. मी..." मी तिच्या हातातली वाटी धरली. "मी त्या दिवशी सांगितलं असतं तर यांनी इथंही काही केलं असतं. मी नाई सांगितलं."

आत्या माझ्याकडे पाहत राहिली. मग ताईकडे. तिचा चेहरा हळूहळू बदलला. तिला कळलं की शहरातल्या त्या मुलीला आता सगळं माहीत आहे, दोन माठ, चुलीमागचं फडकं, सगळं. तिने पदर डोक्यावर ओढला.

"तूच सांगितलं का वं?"

"हो."

एक बाई म्हणाली, "इहिरीचं चांगलं असन तं पिऊन दाखवाव तुमी."

आम्ही सगळ्या विहिरीवर आलो. मीच बादली सोडली. पाणी वर आलं तेव्हा त्यात रंग नव्हता. मला माहीत होतं की ते चांगलं आहे, वहीत होतं, पुस्तिकेत होतं. तरी गडवा तोंडाशी नेताना निम्मं पाणी अंगावर सांडलं. मी प्यायले. ताईने माझ्या हातातून गडवा घेतला आणि तीही प्यायली. बायका आमच्या तोंडाकडे पाहत उभ्या होत्या, जणू आम्ही तिथेच पडू.

पुढचं काम डॉक्टरांनी आणि मोठ्या बाईंनी गावाला समजावून केलं. विहिरीत पुन्हा दवा टाकली. दोन घागरींचा नियम मोडून पिण्याचं पाणी सगळ्यांना विहिरीचंच, आणि धुण्या-भांड्यांना खारं. जुना झिरा बुजवला. नाल्याच्या वरच्या अंगाला नवा खोदला, त्याभोवती कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचं आणि बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, त्यातलं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही असं ठरलं. ताईने कुंपणाच्या काट्या स्वतः ओढल्या, तिचे हात रक्ताळले. वहीत तिने झिऱ्याचा नकाशा काढला. तो शब्द कसा लिहायचा, हे मला विचारलं नाही, बरोबर लिहिला.

निघण्याआधी मी आत्याला विचारलं, शेजारीण कधी आजारी पडली?

"गुरुवारच्या बाजारून आली, अन् शुक्रवारी सकाळी लागलं तिले. शनिवारी गेली."

आम्ही रविवारी आलो होतो. मी बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. मधले चार दिवस. त्या दिवसांत तिने झिऱ्याचं पाणी प्यायलं असेल. पण ती बाजाराला गेली होती, तिथेही काहीबाही खाल्लं-प्यायलं असेल. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही. मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तू याचा विचार करू नकोस. ताईला मी विचारलं नाही, कारण ती खरं सांगेल असं मला वाटलं.

आत्याने आम्हाला ओसरीत बसवलं. काळ्या माठातून गडवा भरून ताईला दिला, मोठ्या बाईंना दिला, मला दिला. मग तो गडवा हातात घेऊन ती थोडा वेळ उभी राहिली. मी पाहत होते. तिने आत, चुलीकडे पाहिलं. मग त्याच माठातून स्वतःसाठी पाणी काढलं आणि आमच्याकडे पाठ करून प्यायली, घाईघाईने, कोणी पाहील म्हणून.

"दवेचा वास येते वं याले," ती म्हणाली.

गावातली पटकी आठवड्याभरात थांबली. त्या मंगळवार ते गुरुवारात, मी गप्प होते त्या दिवसांत, आणखी दोघी आजारी पडल्या होत्या. त्या वाचल्या. मंडळ पुन्हा सुरू झालं. माझी नादारी राहिली, पण मोठ्या बाईंनी कधी त्याविषयी काही म्हटलं नाही, आणि मला ते न म्हणणंच जास्त लागायचं. आत्या दोन वर्षं माझ्याशी मोकळी बोलली नाही. आता बोलते.

ती शेजारीण विहिरीवर वाकून हसली होती ते मला अजून ऐकू येतं. पोट लाल होईन का वं?

आता कॉलेजातल्या मैत्रिणींच्या गावी कधी जाते. पाणी समोर आलं की मी विचारते, घरचे कोणतं पितात? लोकांना वाटतं ही नखरे करते. मैत्रिणी मागून रागावतात. मला दर वेळी विचारायची भीती वाटते, आणि मी दर वेळी विचारते.